मागीलदारी घर बांधण्याआधी

गणपतीत गावचं घर भरतं. तीन भावांचे संसार, लेकी-जावई, पोरंटोरं, आणि न्हाणीघर मात्र एकच. पाच दिवस सगळे मजेत निभावून नेतात. सहाव्या दिवशी कुणीतरी मागीलदारी जाऊन उभं राहतं आणि म्हणतं, ‘इथं दोन खोल्या टाकल्या तर?’ लगेच कुणी पावलांनी जागा मोजतं, कुणी ओळखीच्या कंत्राटदाराला फोन लावून चौरस फुटाचा दर विचारतं. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत मूळ घराच्या परसात उठणाऱ्या बऱ्याच नव्या घरांची सुरुवात अशीच होते. त्यातली काही जोत्यापर्यंत येऊन थांबलेलीही दिसतात. दर वेळी पैसाच संपलेला असतो असं नाही. कुठं चुलत्याची हरकत आलेली असते, कुठं पहिल्याच पावसात जुन्या घराच्या माजघरात ओल वर चढलेली असते.

जागा पुरेल का, हे सगळेच विचारतात. माझ्या लेखी तो पुष्कळ नंतरचा प्रश्न. कोकणात परस दुसऱ्या घराला लायक आहे की नाही, हे आधी सातबाऱ्यावरची नावं ठरवतात आणि मग पाणी. या दोन्हींत परस उतरलं तर लांबी-रुंदीचं जमवता येतं. देशावरच्या वाचकांना यातला पाण्याचा भाग थोडा सौम्य करून घ्यावा लागेल. नावांचा भाग मात्र जसाच्या तसा लागू आहे.

कुणाचं परस?

सातबारा घरबसल्या पाहता येतो आणि डिजिटल सहीचा उताराही ऑनलाइन मिळतो, त्यामुळे इथं आळसाला निमित्त नाही. भोगवटादाराच्या रकान्यात अजून आजोबांचंच नाव असेल तर वारस नोंद ही पहिली पायरी. ती करताना आत्या आणि बहिणी वगळायचा मोह घरोघरी होतो. ‘तिचं लग्न झालं, ती कशाला मागतेय’ हे बोलणं कायद्यापुढे टिकत नाही. २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. त्या वर्षी वडील हयात असोत वा नसोत, हा हक्क आहेच, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. तेव्हा बहिणीला घर बांधून झाल्यावर वास्तुशांतीचं आमंत्रण देण्याआधी, जागेबद्दल विचारायला फोन करा.

नावं लागली की दिसतं ते सामाईक क्षेत्र. ‘विहिरीकडचा भाग आमचा, गोठ्याकडचा काकांचा’ ही वाटणी पन्नास वर्षं तोंडी चाललेली असते आणि भाजीपाला लावण्यापुरती ती ठीकही असते. पण वाटप झालेलं नाही तोवर सामाईक जमिनीच्या प्रत्येक हातावर प्रत्येक हिस्सेदाराचा हक्क असतो. उद्या त्यातल्या एकानं मनाई हुकूम आणला तर तुमच्या भिंती कमरेइतक्या उंचीवर उभ्या राहतील आणि तुम्ही तारखांना जाल. सगळे राजी असतील तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप करून घेता येतं, किंवा नोंदणीकृत वाटपपत्र करता येतं. त्यामागोमाग भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी आणि पोटहिस्सा. यात एक अडचण येऊ शकते. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याखाली सरकारनं २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायतीला वीस गुंठे आणि बागायतीला दहा गुंठे असं प्रमाणभूत क्षेत्र ठरवलं. त्याहून लहान तुकडे पाडायला हा कायदा आड येतो, आणि कोकणातल्या घरामागची जमीन भावाभावांत वाटली तर वाट्याला चार-पाच गुंठेच येतात. अशा वेळी काय करता येईल, हे तालुक्याच्या जाणत्या वकिलाकडून समजून घ्या. शेजारच्यानं कसं जमवलं, ही माहिती पुरेशी नसते.

वाटप होत नसेल तर लोक संमतीपत्रावर काम भागवतात. जुन्या घराची कौलं उतरवायची, पडवी वाढवायची, एवढ्यासाठी ते मला चालण्यासारखं वाटतं. आयुष्यभराची पुंजी घालून नवं घर बांधायचं असेल तर साध्या स्टॅम्पपेपरवरच्या सह्यांवर विसंबू नये. सही करणारा काका चांगलाच असतो; भांडण त्याच्या नातवाशी होतं.

असेसमेंटचा उतारा दाखवून ‘हे बघा, घर माझ्या नावावर आहे’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. ग्रामपंचायतीचा तो उतारा घरपट्टी कुणाकडून वसूल करायची ते सांगतो. जमिनीची मालकी त्यानं सिद्ध होत नाही, आणि घरपट्टी वीस वर्षं भरली म्हणूनही होत नाही.

आता त्याच सातबाऱ्याकडे दुसऱ्या नजरेनं पाहा. भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २? वर्ग २ म्हणजे जमिनीवर शर्ती आहेत आणि वापर बदलायला, विकायला परवानगी लागते. ‘इतर हक्क’ हा रकाना बहुतेक जण वाचतच नाहीत, आणि सगळी मेख तिथंच असते: कुळाचं नाव, सोसायटीचा बोजा, कुणाची तरी वहिवाटीची वाट, विहिरीतल्या पाण्याचा हिस्सा. सिंधुदुर्गात याखेरीज आकारीपड, खाजगी वनसंज्ञा, आंबोली-गेळे-चौकुळकडे कबुलायतदार गावकर अशी जमिनीच्या हक्काची गुंतागुंतीची प्रकरणं आहेत. यातलं काहीही उताऱ्यावर दिसलं, तर घराचा विचार तिथंच थांबवून आधी तो गुंता सोडवायला घ्या.

गावठाणाचा प्रश्नही कोकणात वेगळा आहे. देशावर गाव एका जागी दाट वसतं आणि भोवती शेती असते. कोकणात गाव वाड्यावाड्यांनी पसरलेलं, घरागणिक आगर किंवा ठिकाण, त्यामुळे पुष्कळ गावांत गावठाण म्हणून आखलेली जागाच नाही किंवा असली तरी ती एखाद्या वाडीपुरती. म्हणजे तुमचं शंभर वर्षांचं घर कागदोपत्री शेतजमिनीत उभं असू शकतं. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत जमीन असेल तर महसूल संहितेच्या कलम ४२-ड मुळे बिगरशेतीचं काम बरंच सोपं होतं. त्याबाहेर असाल तर रीतसर मार्गानं जावं लागतं. शेतघर म्हणून बांधायचं म्हटलं तर त्या सवलतीला किमान ०.४ हेक्टर, म्हणजे जवळजवळ एक एकर धारणा हवी. हे सगळे नियम गेल्या काही वर्षांत वारंवार बदलले आहेत, म्हणून तहसील कार्यालयात जाताना ‘आज लागू असलेलं परिपत्रक कोणतं’ एवढंच नेमकं विचारा आणि त्याची प्रत मागा.

बांधकाम परवानगीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. ‘लहान घराला परवानगी लागत नाही’ असं कुणीतरी सांगतं. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत लहान भूखंडांसाठी सोपी पद्धत आहे हे खरं. पण तिथं लहान असावा लागतो तो भूखंड. वीस गुंठ्यांच्या सामाईक परसात तुम्ही चारशे चौरस फुटांचं घर बांधलं तरी भूखंड वीस गुंठ्यांचाच राहतो.

समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर सीआरझेडचा, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचा, नकाशा पाहिल्याशिवाय आराखड्यावर एक रुपयाही घालू नका. २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केलेले आहेत. दाट लोकवस्तीच्या गावांत भरतीरेषेपासून ५० मीटर आणि विरळ वस्तीच्या गावांत २०० मीटर हा ना-विकास पट्टा. असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती त्यात करता येते. परसातलं नवं घर ही निराळी गोष्ट.

पावसात पाहिलेलं परस

कागद जमले असं धरून पुढं जाऊ. मे महिन्यात परस पाहणारा माणूस फसतो. जमीन कोरडी, पालापाचोळा झाडलेला, सावली छान. तेच परस जुलैच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, सलग चार दिवस पाऊस झाल्यावर पाहा. सुट्टी टाकावी लागली तरी टाका. पाणी कुठून येतं, कुठं थबकतं, कुणाच्या गडग्यातून बाहेर पडतं, हे दहा मिनिटांत दिसतं आणि कोणत्याही इंजिनिअरला ते उन्हाळ्यात सांगता येत नाही.

कोकणात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, सह्याद्रीच्या पायथ्याशी आणखी जास्त. पाचशे चौरस फुटांचं छप्पर घ्या. त्यावर एका पावसाळ्यात पडणारं पाणी जवळजवळ एक लाख चाळीस हजार लिटर होतं. आज ते पाणी परसाच्या मातीवर विखरून पडतं. उद्या ते चार पागोळ्यांतून धारेनं एकाच रेषेत पडेल. ती रेषा जुन्या घराच्या दिशेनं उतरत असेल तर जुन्या घराची मागची भिंत गेलीच म्हणून समजा, कारण ती बहुतेक वेळा मातीत बांधलेल्या चिऱ्याची असते.

उतार डोळ्यांनी कळत नाही. परस सपाट वाटतं आणि वीस पावलांत फूटभर खाली गेलेलं असतं. गवंड्याकडं पारदर्शक नळी असते, लेव्हल पाइप म्हणतात ती. तिच्यात पाणी भरायचं, एक टोक जुन्या घराच्या जोत्यावर केलेल्या खुणेला धरायचं, दुसरं टोक परसात रोवलेल्या खुंटीला. नळीत बुडबुडा राहिला तर माप फसवतं, म्हणून एकदा बोटानं टिचकी मारत सगळी नळी पाहून घ्यायची. दोन्हीकडचं पाणी स्थिर झालं की खुंटीवर पेन्सिलीनं रेघ मारायची आणि रेघेपासून जमीन किती खाली आहे ते मोजायचं. परसाच्या चारही कोपऱ्यांवर आणि मधोमध हे केलं की कागदावर पाच आकडे येतात. नव्या घराचं जोतं किती उंच घ्यायचं आणि गटार कुणीकडं काढायचं, याची निम्मी उत्तरं त्या पाच आकड्यांत असतात. गटार शेवटी स्वतःच्या जमिनीतून वहाळाला किंवा रस्त्याच्या गटाराला पोचलं पाहिजे. ते दुसऱ्याच्या आगरात सोडावं लागणार असेल, तर पुढच्या वीस पावसाळ्यांची भांडणं तुम्ही आजच विकत घेताय.

मग संडासाचं पाणी. हा विषय नकाशाच्या कोपऱ्यात एक चौकोन काढून संपवला जातो आणि नंतर सगळ्यात जास्त त्रास तोच देतो. पाच माणसांच्या घराला लागणारी सेप्टिक टाकी मोठी नसते: आतून साधारण दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि मीटरभर खोल. ती कुठंही बसते. जागा खातो तो तिच्या पुढचा शोषखड्डा, कारण तो पिण्याच्या विहिरीपासून १५ ते १८ मीटर, म्हणजे पन्नास-साठ फूट लांब हवा. तेही तुमच्या एकट्याच्याच नव्हे, गडग्यापलीकडच्या विहिरीपासूनसुद्धा. जांभा दगड भेगाळ आणि सच्छिद्र. त्यातून पाणी झरझर खाली जातं आणि गाळून निघत नाही. शोषखड्डा वरच्या अंगाला आणि विहीर खालच्या अंगाला असेल तर साठ फूटही मला कमीच वाटतात. मागीलदारची विहीर ही बहुतेक घरांची जीवनवाहिनी असते आणि ती परसाच्या मधोमधच असते, त्यामुळे चांगली दहा गुंठ्यांची परसंही या एका अंतरामुळे बाद होतात.

जमीन पाणी शोषते की नाही हे स्वतः तपासता येतं. जिथं शोषखड्डा यायचा तिथं खड्डा ज्या पातळीला असणार तितकं खणून, तळाशी फूटभर लांब-रुंद छोटा खळगा करा. बाजू सुरीनं खरवडा, तळाला दोन इंच बारीक खडी टाका. आदल्या संध्याकाळी पाण्यानं भरून रात्रभर मुरू द्या. सकाळी पुन्हा पाणी घालून पट्टी उभी करा आणि ते एक इंच उतरायला किती मिनिटं लागतात ते पाहा. तीस मिनिटांच्या आत उतरलं तर शोषखड्डा चालेल. तीस ते साठच्या दरम्यान असेल तर खड्ड्याऐवजी चर काढून पाणी पसरावं लागेल, त्याला जागा जास्त लागते. तासाभरात इंचसुद्धा उतरलं नाही, तर खाली कातळ किंवा चिकणमाती आहे आणि साध्या शोषखड्ड्याचा नाद सोडलेला बरा. एप्रिलमध्ये ही चाचणी पास होते आणि ऑगस्टमध्ये नापास, असंही होतं, कारण पावसाळ्यात भूजल वर येतं. विहिरीत श्रावणात हातानं पाणी काढता येत असेल, तर शोषखड्डाही त्या दिवसांत पाण्यानं भरलेलाच असणार.

पिण्याच्या पाण्याचा हिशेब उलट, मे महिन्यातच करायचा. विहिरीचा तळ दिसत असेल, वहिनी पहाटे उठून आधी पंप लावत असतील, तर दुसऱ्या घराचं पाणी कुठून येणार, हे त्यांना विचारूनच ठरवा. नळयोजना आहे म्हणून निर्धास्त राहू नये. एप्रिल-मेमध्ये नळाला किती दिवसांआड पाणी येतं ते शेजारी सांगतील.

डोंगराच्या कुशीत घर असेल तर मागची दरड. परस वाढवण्यासाठी जेसीबीनं डोंगराचा पाय कापायचा, हा प्रकार आता सर्रास चालतो आणि त्याला माझा सरळ विरोध आहे. जुलै २०१४ मध्ये पुणे जिल्ह्यातलं माळीण, जुलै २०२१ मध्ये महाडजवळचं तळीये, जुलै २०२३ मध्ये खालापूरची इर्शाळवाडी: तिन्ही ठिकाणी डोंगर पावसातच खाली आला. वर जांभा आणि त्याखाली चिकणमाती असेल तर पाणी वरून आत शिरतं आणि मातीच्या थरावर साठून वरचा भाग घसरवतं. उतारावर नव्या भेगा, एका बाजूला कललेली झाडं, पूर्वी नसलेला आणि गढूळ पाण्याचा झरा यातलं काही दिसत असेल तर त्या बाजूला घर नको. काही दिसत नसलं तरी दरडीच्या पायापासून निदान तिच्या उंचीइतकं अंतर सोडा, आणि हे अगदी किमान. भरावाच्या जमिनीवर जोतं घ्यायचं असेल तर भराव दोन पावसाळे बसू द्यावा, असं जुने गवंडी सांगतात. त्यात घाई करणाऱ्यांच्या भिंतींना चिरा पडलेल्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

दोरी आणि चुना

आता लांबी-रुंदी. वीस बाय बावीस फुटांचं घर म्हणजे ४४० चौरस फूट: एक खोली, स्वयंपाकाची जागा, न्हाणी-संडास आणि छोटी पडवी. कोकणच्या पावसात भिंत वाचवायची तर छपराची वळचण तीन फूट तरी बाहेर हवी. म्हणजे जमिनीवर सावली पडते ती २६ बाय २८ ची, ७२८ चौरस फूट. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. घर गुंठ्यात बसतं, पण भोवती माणूस फिरायला, गटाराला, टाकीला आणि नियमानं सोडायच्या मोकळ्या जागेला काही उरत नाही. दोन मोकळे गुंठे असतील तरच पुढं बोलावं. जुन्या घराची पागोळी आणि नव्याची पागोळी यांच्यात निदान माणूस छत्री घेऊन जाईल एवढी जागा हवी. भिंतीपासून भिंतीपर्यंत दहा फूट धरा. त्याहून जवळ बांधलेल्या घरांच्या मधल्या बोळात ऊन पोचत नाही आणि वर्षभर शेवाळ राहतं.

हे आकडे कागदावर न ठेवता जमिनीवर आखा. चार खुंट्या, सुतळी, आणि चुन्याची रेघ. दार कुठं, खिडकी कुठं, टाकी कुठं, सगळं. आठवडाभर ते तसंच राहू द्या आणि घरातल्यांना रोजची कामं करू द्या. दुसऱ्या दिवशी कळतं की कपडे वाळत घालायची तार नव्या घराच्या स्वयंपाकघरातून जाते. तिसऱ्या दिवशी कळतं की वैरणीचा भारा घेऊन येणाऱ्या माणसाला आता वळसा पडणार.

झाडं वर बघून मोजायची. माड पंचवीस फुटांवर लावतात, कारण त्याचा घेर तेवढा होतो. त्या घेरात छप्पर आलं तर झावळी आणि नारळ कौलांवरच पडणार. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनकडून आत आलं तेव्हा आगरांतल्या माड-पोफळी घरांवर आडव्या झालेल्या रायगडकरांनी पाहिल्या आहेत. आंबा, फणस, जांभूळ आड येत असेल तर कुऱ्हाड घेण्याआधी वनखात्याची परवानगी लागते, स्वतःच्या जमिनीतलं स्वतः लावलेलं झाड असलं तरी. आणि घरासाठी उत्पन्नाचा फणस तोडायचा की घर चार फूट सरकवायचं, यात मी घर सरकवीन.

वाट तपासा, पण त्यावर फार वेळ घालवू नका. चिऱ्यांचा ट्रक कुठवर येतो आणि तिथून परसापर्यंत किती पायऱ्या आहेत, एवढं मोजलं की पुरे. पाखाडी उतरून डोक्यावरून चिरे वाहायचे असतील तर मजुरी दगडाच्या किमतीशी स्पर्धा करते आणि कंत्राटदार ती अंदाजपत्रकात लिहीत नाही. सेप्टिक टाकी उपसायला येणाऱ्या टँकरची नळी पोचेल का, हेही त्याच वेळी बघा.

ज्यांचं मागीलदार आहे

परस रिकामं दिसतं ते शहरातून आलेल्याला. तिथं राहणाऱ्या काकूला ते रिकामं नसतं. न्हाणीची चूल तिथं, भांडी घासायचा दगड तिथं, आमसुलं आणि सुपारी वाळत घालायची ती तिथं, अळू-केळी तिथं, सांडपाण्यावरचं कढीलिंबाचं झाड तिथं. पुढच्या खळ्यात पाहुणे आणि पुरुषमंडळी बसतात. मागीलदारी बायकांना जरा मोकळं बसता येतं. तिथं दुसऱ्या कुटुंबाची पडवी आली की तो मोकळेपणा गेला. नव्या घराचं तोंड जुन्याच्या न्हाणीकडं असू नये, हे आर्किटेक्टला सांगावं लागतं, कारण नकाशात न्हाणी नुसती चौकट असते.

जुन्या घरात हवा कुठून येते तेही पाहा. पावसाचा मारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून त्या अंगाला पूर्वी झापं बांधायचे, आता निळी ताडपत्री लावतात. नवं घर त्या बाजूला आलं तर जुन्याला पावसाचा आडोसा मिळेल, पण उन्हाळ्यातला वाराही अडेल. दोन्ही घरांची बिऱ्हाडं एकत्र बसून ठरवण्याची ही गोष्ट आहे.

घर कुणासाठी, यानं सगळा आराखडा बदलतो. निवृत्त होऊन राहायला येणाऱ्या आईवडिलांसाठी असेल तर जोतं उंच आणि पायऱ्या मात्र कमी, ही परस्परविरोधी मागणी उतारवाटेनं सोडवायला दहा-बारा फूट आणखी लागतात. शिवाय रात्री अँब्युलन्स किती जवळ येते, हा प्रश्न मोठा होतो. पर्यटकांना द्यायचं असेल तर पाणी आणि शोषखड्ड्याचा हिशेब दुपटीनं करा, आणि पर्यटन खात्याच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदणी होते का, ते आधी विचारा. सणापुरतं यायचं असेल, वर्षातले दहा-पंधरा दिवस, तर माझा सल्ला सरळ आहे: बांधू नका. बंद घराला वाळवी लागते, कौलं सरकतात, आणि त्याची किल्ली सांभाळायचं काम पुन्हा गावच्या वहिनीवर येतं.

त्याऐवजी जुन्या घराकडं परत एकदा पाहा. गणपतीतली खरी अडचण बहुतेक वेळा न्हाणी-संडासाची असते. मागच्या पडवीला लागून दोन न्हाण्या आणि एक जास्तीचा संडास बांधला, माळ्याला नीट जिना केला, ओटीच्या बाजूची एक खोली स्वतंत्र दारासकट वेगळी काढली, तर दुसऱ्या घराच्या खर्चाच्या छोट्याशा हिश्श्यात सगळे सुखानं राहतात. पडका गोठा किंवा मांगर, म्हणजे शेतीकामाचं आडघर, असेल तर त्याच जोत्यावर बांधणं हा आणखी एक चांगला मार्ग. ती जागा पिढ्यान्‌पिढ्या पावसात टिकलेली असते, तिथं पाण्याची वाट ठरलेली असते, आणि मांगराची नोंद ग्रामपंचायतीत असेल तर कागदांचं कामही सोपं होतं. मांगर आणि मूळ घर यांत अंतर किती ठेवायचं, ते जुन्या लोकांनी विचार करूनच ठरवलेलं असतं, तेच पाळा.

यंदा बांधायचंच असं ठरवलं असेल तर क्रम असा ठेवा. वारस नोंद आणि बहिणींशी बोलणं आत्ता. मोजणीचा अर्ज त्यामागोमाग, कारण मोजणीची तारीख मिळायला वेळ जातो. जुलैत परसात उभं राहून पाणी पाहणं, दिवाळीनंतर शोषखड्ड्याची चाचणी आणि चुन्याची रेघ. आर्किटेक्टचा फोन नंबर तोवर नुसता जवळ असू द्या.